रामण्णाच्या फिल्टरची भोकं

मी जन्मभर काय काम केलं, हे नातवंडांना सांगायला बसलं की आधी स्टोव्ह म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते. पितळेची टाकी, टाकीत रॉकेल. पंपाने हवा मारली की रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती वाफ निपलच्या भोकातून बाहेर येऊन निळी जळते. ते भोक केसाएवढं. त्यात कचरा बसला की पिन मारायची, आणि पिन मारून मारून भोक मोठं झालं की ज्योत पिवळी, भांडी काळी आणि डोळे चोळत बाई आमच्या दुकानात हजर! आमच्या धंद्याचं सगळं मर्म भोकात होतं. हसू नका. पन्नासेक वर्षांपूर्वी अख्ख्या नगर शहराचा स्वयंपाक त्या भोकातून होत होता.

दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. स्टोव्ह, कुकर आणि गॅसबत्त्या दुरुस्त करून मिळतील, अशी पाटी. गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक पेन्शनर आजोबा दर पंधरवड्याला स्टोव्ह घेऊन यायचे, त्याचा आवाज कमी करून द्या म्हणून. सकाळी पोथी वाचताना त्यांचं त्यांनाच ऐकू येत नसे. मी सांगायचे, "आजोबा, स्टोव्ह गप्प झाला तर चहाही गप्प होईल." लष्करी छावणीतल्या एका साहेबांच्या बाईंनी कुकर आणून आपटला, की यात भात शिजत नाही. मी म्हटलं, शिट्टी कुठाय? तर म्हणाल्या, कपाटात. शिट्टी वाजली की त्यांचं कुत्रं पलंगाखाली जाऊन बसायचं, म्हणून बाई शिट्टी काढून ठेवून कुकर लावायच्या! वाफ सगळी वर, भात कच्चा, आणि दोष कुकरचा. आता कुत्र्याला काय दुरुस्त करणार? मी शिट्टीवर ओलं फडकं टाकायला सांगून वाटेला लावलं.

पण ज्या कामामुळे मी या धंद्यात राहिले ते काम ना स्टोव्हचं होतं ना कुकरचं. ते होतं कॉफीचं.

एकाहत्तर साल. दुष्काळाच्या आदल्या वर्षीचं. दुकान आमच्या ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. मी मागच्या खोलीत संसार करायचे आणि मधल्या वेळात पुढे येऊन हाताखाली काम करायचे. आषाढात हे सायकलवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी मूठ वळेना. पाना धरला की गळून पडायचा. मग मीच पुढे बसायला लागले. मी काही कोरी नव्हते. माझे वडील तांबट. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांचं पाल असायचं. बैलांच्या घंटा, घागरी, झारे, चाळण्या ठोकायचे. मुलगी म्हणून त्यांनी मला बाजूला सारलं नाही, ऐरणीपाशी बसवलं. पण हे नगरच्या लोकांना कोण सांगणार? गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि स्टोव्ह परत पिशवीत घालायचं. "मालक आले की येतो," म्हणायचं. मालक तिथेच स्टुलावर हात गळ्यात बांधून बसलेले असायचे! मला असा संताप यायचा की सांगता सोय नाही.

नवरात्रात माझे थोरले दीर आले. त्यांना आम्ही दादा म्हणतो. त्यांनी ठोकाठोकीचा पिढीजात धंदा कधीच सोडला होता आणि आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात डोंगरात भातशेती धरली होती. माणूस वाईट नव्हे, पण बोलला की दगडावरची रेघ. आल्या आल्या त्यांनी दुकानाकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं.

"बाळू," ते ह्यांना म्हणाले, "लई झालं आता. हात गेला कामातनं. बाईमानसानं बाजारात बसून चार लोकांसमोर बत्त्या ठोकायच्या, हे काय आपल्यात चालत न्हाई. दसरा झाला की सामान टेम्पोत घाला अन् गावाला चला. भात काढायला मानसं लागतातच."

ह्यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "दादा, मला काम येतंय."

"तुला येतंय गं शालन. पन लोक देत्यात का?"

दिवसाकाठी एखादा स्टोव्ह येत होता, तोही शेजाऱ्यापाजाऱ्यांचा. भातशेतीत कष्ट करायला मी भीत नव्हते हो. पण माझ्या हातात जे आहे ते तिकडे चिखलात बुजून जाणार, याचं मला रडू यायचं. चुलीपाशी बसून रडलेही.

खंडेनवमीचा दिवस. दुकानातली सगळी हत्यारं घासून पाटावर मांडली होती. हातोड्या, पाने, टोचे, कानशी, पंपाचे वॉशर कापायची आरीसुद्धा. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, नारळ फोडला. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, ही रीत. दादा समाधानाने भिंतीला टेकून बसले होते. तेवढ्यात रामण्णा आला.

रामण्णा उडपीकडचा. स्टँडसमोर त्याचं हॉटेल होतं. इडली, डोसा आणि कॉफी. आपल्याकडे तेव्हा कॉफी म्हणजे दूध, साखर, जायफळ एकत्र उकळून उपासाला प्यायची चीज. रामण्णाची कॉफी वेगळी. छावणीतले मद्रासकडचे, म्हैसूरकडचे जवान तिच्यासाठी पायी यायचे. त्याच्याकडे पितळेचा हा मोठा फिल्टर होता. त्याच्या आईचा, घरून आणलेला. एकावर एक दोन डबे. वरच्या डब्याचा तळ चाळणीसारखा. त्यात कॉफीची पूड घालायची, वर दांडीची चकती बसवायची, उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण लावून वाट बघायची. खालच्या डब्यात थेंब थेंब काळा अर्क जमतो. त्यात गरम दूध घातलं की झाली कॉफी.

तो फिल्टर रामण्णाने फडक्यात गुंडाळून आणला होता. त्याच्यामागे नऊवारी वेगळ्याच पद्धतीने नेसलेली, हिऱ्याच्या कुड्यांची एक म्हातारी. त्याची आई. सगळे तिला अम्मा म्हणायचे. दसऱ्यासाठी गावाहून आली होती. तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं आणि मला कानडीचं.

"वैनी, फिल्टर मेला," रामण्णा म्हणाला. त्याचा चेहरा खरंच सुतकातल्यासारखा होता.

झालं होतं असं. नवरात्र आलं म्हणून त्याने सगळी पितळी भांडी कल्हईला दिली. आपण सगळेच देतो. भांड्याबरोबर फिल्टरही गेला. कल्हईवाल्याने बिचाऱ्याने इमानाने काम केलं. आतून असं चकचकीत कथील फिरवलं की चाळणीची सगळी भोकं बुजून गेली! कल्हईवाल्याला काय, भांडं म्हटलं की भांडं. फिल्टर परत आला, पाणी ओतलं, खाली टिपूस नाही. मग रामण्णाने काय करावं? खिळा घेतला आणि भोकं मोकळी केली. एकेका भोकातून ज्वारीचा दाणा जाईल, एवढी मोकळी केली. आता पाणी ओतलं की धो धो खाली. रंग चहासारखा, चव फडक्याच्या पाण्यासारखी, वर पेल्यात गाळ. जवानांनी दोन दिवस ती प्यायली, तिसऱ्या दिवशी पेले तसेच ठेवून निघून गेले.

"आणि उद्या दसरा," तो म्हणाला. "पूर्वेला गडबड चालू आहे, या जवानांची एक तुकडी उद्या निघणार. सुभेदाराने सांगितलंय, जायच्या आधी सगळ्यांना आमच्या घरची कॉफी पाज. मी हो बोलून बसलो. अम्मा तर चार दिवस कॉफीला शिवली नाही."

पुण्याला जाऊन नवा आणायला वेळ नव्हता. इथल्याच तांबट आळीत रामण्णा दोघांकडे जाऊन आला होता. त्यांनी पूजेला बसलेली हत्यारं दाखवून हात जोडले.

मी फिल्टर हातात घेतला. उन्हात धरून खालून पाहिलं. खिळ्याने धातू नाहीसा होत नाही, बाजूला सरतो. भोकाभोवती खालच्या अंगाला ओठ आलेले असतात. ते ओठ ठोकून परत आत बसवले तर भोक मिटतं. वडिलांचे बिघडलेले झारे मी असेच मिटवले होते. मला कळलं की हे होणार!

"होईल," मी म्हटलं.

"न्हाई व्हनार," दादा म्हणाले. "आज हत्यार उचलायचं न्हाई."

रामण्णाने फिल्टर परत घ्यायला हात पुढे केला, कारण त्यांच्यातही आयुधपूजा असते आणि त्याला ते पटत होतं. अम्माने त्याला दंडाला धरून विचारलं, हे काय चाललंय? त्याने कानडीत सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा असा झाला, की काय खुळ्यांच्यात येऊन पडले! ताडकन पाटापाशी गेली, वाकून नमस्कार केला, फुलं अलगद बाजूला केली आणि बरोब्बर ती छोटी, गुळगुळीत तोंडाची हातोडी उचलली. हातोडीचं कुंकू बोटावर घेऊन माझ्या कपाळाला लावलं आणि हातोडी माझ्या हातात दिली. वर दादांकडे बघून काहीतरी ठणकावून बोलली.

"काय म्हनली?" दादांनी विचारलं.

रामण्णा चाचरत म्हणाला, "म्हणाली, देवाला जागं केलं आणि कामाला लावायचं नाही, मग जागं कशाला केलं?"

म्हाताऱ्या बाईशी कोण वाद घालणार, तोही कानडीत! दादांनी तंबाखूची चंची काढली.

मी बसले. लांब मानेची ऐरण वरच्या डब्यात आतून बसवली आणि खालून एकेक ओठ हलक्या हाताने आत घ्यायला लागले. जोरात मारलं की पत्रा ताणतो आणि तळाला पोट सुटतं, म्हणून टक टक करत, फिरवत फिरवत. नंतर शेगडी पेटवून नवसागर टाकून कथलाचा पातळ हात फिरवला, उरल्यासुरल्या फटी बुजल्या. आता तळ कोरा. आता भोकं नव्याने पाडायची. वडील सांगायचे, टोचा आरपार घालायचा नाही. एका अंगाने टोकाचा नुसता उंचवटा उठवायचा आणि दुसऱ्या अंगाने तो उंचवटा कानशीने घासायचा. मग जे भोक उघडतं ते स्वच्छ, गोल आणि हवं तेवढंच. मापाला मी स्टोव्हची पिन घेतली. भोकाच्या बाबतीत दुसरं काही मला माहीतच नव्हतं!

हे माझ्याशेजारी बसून, मोडक्या हाताने का होईना, डबा धरून होते. "सावकाश," एवढंच म्हणत होते.

दुपारी हॉटेलात पहिली परीक्षा. पूड घातली, पाणी ओतलं, सगळे वाकून बसलो. काही नाही. खालचा डबा कोरडा ठणठणीत. बऱ्याच वेळाने एक थेंब आला आणि लोंबकळत राहिला.

"गळंना तुझं," दादा म्हणाले. तेही मागोमाग आले होते. मजा बघायला, दुसरं काय!

पिनेचं माप रॉकेलच्या वाफेचं. कॉफीच्या पाण्याला ते पुरत नाही, हे माझ्या लक्षात आलं. घरी गेले, गोधडी शिवायची सुई काढली आणि सगळी भोकं सुईच्या मापाने वाढवली. परत हॉटेलात. या वेळी पडायला लागलं. टप, टप. रंग काळाभोर. रामण्णाचा जीव भांड्यात पडला. त्याने दूध घालून पेला अम्मापुढे धरला. तिने घोट घेतला, डोळे गच्च मिटले आणि पेला सरळ मोरीत रिकामा केला.

"बेडा," म्हणाली. नको. तेवढं मला कळलं.

मी चाखली. कडूजहर, काढा नुसता. माझं तर अवसानच गेलं. आता भोकं मोठी करायची का? मोठी केली तर परत फडक्याचं पाणी. दादांनी नुसतं ह्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं मला बोलण्यापेक्षा लागलं.

"परत भर," मी रामण्णाला म्हटलं, आणि या वेळी फिल्टरकडे न बघता त्याच्या हाताकडे बघत राहिले. त्याने पूड घातली, चकती ठेवली आणि दोन्ही तळहातांनी, अंगाचा भार टाकून, चकती दाबली.

"अरे, काय करतोयस?"

"दाबतो. नाहीतर पाणी पळतंय ना वैनी."

खिळ्याची भोकं होती तेव्हा पाणी पळायचं. ते अडवायला याने पूड ठासून बसवायची सवय लावून घेतली होती. भोकं बदलली, हात तोच! ठासलेल्या पुडीतून पाणी वाट काढत, घुसमटत जात होतं आणि वाटेत सगळा कडवटपणा ओरबाडून आणत होतं. मी हे बोलेपर्यंत अम्माने बघितलं होतं. तिने लेकाच्या हातावर सणसणीत चापट मारली. हॉटेलचा मालक, मिशा असलेला माणूस, हात मागे घेऊन उभा राहिला.

मग तिने पदर खोचला. पूड मोकळी घातली, चमच्याच्या पाठीने सारखी केली, चकती नुसती टेकवली. आधी थोडंसंच पाणी, पूड भिजेल एवढं. थांबली. पूड फुगून वर आली, वास सुटला. मग बाकीचं पाणी. झाकण लावलं आणि माझा हात धरून कान फिल्टरपाशी न्यायला लावला. पहिल्यांदा थेंब भराभर पडत होते, मग अंतराने. हाच वेग हवा, अशा अर्थाने माझ्याकडे बघून तिने बोट वर केलं. मी मान हलवली. आम्हा दोघींना एक शब्द एकमेकींचा कळत नव्हता, पण भोकातून काय आणि किती वेगाने यायला हवं, हे मला आवाजावरून कळतं. तिलाही कळत होतं.

दूध घातलं, या पेल्यातून त्या वाटीत उंचावरून ओतून फेस आणला. तिने घोट घेतला. दुसरा घेतला. मग पेला खाली न ठेवता सबंध संपवला, आणि रिकामा पेला रामण्णाच्या नाकासमोर धरला.

"साकू?" मी भीत भीत विचारलं. पुरे का, एवढं कानडी दुपारभरात शिकले होते.

"साकागिल्ला!" ती म्हणाली आणि दुसऱ्या पेल्यासाठी हात पुढे केला. पुरे नाही! मी अशी हसले, अशी हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. वडील हे बघायला हवे होते, असं फार वाटलं.

दसऱ्याला सकाळी तुकडी आली. स्टँडसमोर रांग. उंच, काळेसावळे पोरगे, गणवेशात, पाठीला पिशव्या. फिल्टर पुन्हा पुन्हा भरला जात होता, अम्मा स्वतः पूड घालत होती, रामण्णाला तिने फिल्टरच्या आसपास फिरकू दिलं नाही. पहिला पेला सुभेदारांनी घेतला, आणि मोठा माणूस पेल्यात बघत तसाच उभा राहिला. मग त्याने मागे वळून आपल्या भाषेत काहीतरी ओरडून सांगितलं आणि सगळी रांग हसत पुढे सरकली. त्यातले परत किती आले, मला माहीत नाही. त्यांना त्या दिवशी त्यांच्या घरची कॉफी मिळाली, हे मला माहीत आहे, आणि याचा मला आजही गर्व आहे. असू दे गर्व.

सुभेदारांनी विचारलं, हा दुरुस्त कुणी केला? रामण्णाने माझ्याकडे बोट केलं. त्यांनी मला कडक सलाम ठोकला. मी गोंधळून नमस्कार केला, मग हातावर आपट्याची पानं ठेवली.

दादा कोपऱ्यातल्या बाकड्यावर कॉफी पीत होते. "लई कडू हाय," म्हणाले. आणि दुसरी मागवली. संध्याकाळी टेम्पोवाला आला तेव्हा त्यांनीच त्याला परत पाठवलं. "दिवाळीपतूर बघू," एवढंच बोलले आणि एकटेच एस.टी.त बसले.

दसरा ते दिवाळी मला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. छावणीतून स्टोव्ह आले, बत्त्या आल्या, कुणाकुणाच्या घरचे छोटे फिल्टर आले, कल्हईने बुजलेले. कुत्र्यावाल्या बाईसुद्धा कुकर घेऊन आल्या. ह्यांचा हात पूर्वीसारखा कधीच झाला नाही, ती खंत राहिली. पण गिऱ्हाइकांशी गोड बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. ते पुढे बोलायचे, मी ठोकायचे. रामण्णाने पुढे हॉटेल विकलं आणि गावी गेला. अम्मा त्याच्याही आधी गेली. तसली कॉफी मला नंतर कुठे मिळाली नाही. आता मशीनवर बटण दाबून देतात, पैसे घेतात आणि वर हसतात.

त्याच दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी मी मागच्या खोलीत भाकरी भाजत होते. पुढे दादांचा आवाज आला. गावच्या भजनी मंडळाच्या तीन गॅसबत्त्या पोत्यात घालून, डोंगरातून एस.टी.ने आणल्या होत्या.

हे म्हणाले, "ठेवा दादा, मी बघतो."

"तुला काय कळतंय त्यातलं?" दादा म्हणाले. "मिस्तरीन कुठं हाय? तिला बोलव."

मी तवा उतरवला, पिठाचे हात पदराला पुसले आणि पुढे आले.